सीट मऊ नको, मापाची हवी

वाचक भगिनीचे पत्र (थोडक्यात): "मी सांगलीची, वय ४६. मुलगा शिक्षणासाठी पुण्याला गेल्यावर त्याची गिअरची सायकल घरात नुसती उभी होती, ती मी दिवाळीनंतर चालवू लागले. रोज पहाटे हरिपूरच्या संगमापर्यंत जाऊन येते, साधारण तासाभराची फेरी होते. पाय भरून येत नाहीत, दमही लागत नाही. पण वीस मिनिटांनंतर सीटवर बसवत नाही. पुढच्या नाजूक भागावर दाब येतो, मुंग्या येतात आणि घरी आल्यावरही काही वेळ तो भाग बधिर राहतो. दुकानदाराच्या सांगण्यावरून जेलचे जाड कव्हर घातले, तर त्रास वाढला. सीट खाली घेऊन पाहिली, तरी फरक नाही. बरोबरचे पुरुष म्हणतात, पंधरा दिवसांत सवय होते. मला तीन महिने झाले. यजमान म्हणतात, पाच-सहा हजारांची चांगली सीट आण. माझी तयारी दीड हजारापर्यंतच आहे. बायकांची सीट खरोखर वेगळी असते का, आणि ती निवडायची कशी?"

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा शब्द 'बधिर' हा आहे, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करते. सायकलच्या सीटवर होणारा त्रास दोन प्रकारचा असतो आणि ते दोन्ही प्रकार वेगळे ओळखता आले नाहीत, तर पुढचा सगळा सल्ला वाया जातो. पहिला प्रकार म्हणजे नितंबांखाली, डाव्या आणि उजव्या बाजूला, बरोबर दोन ठिकाणी जाणवणारा ठणका. नव्याने सायकल सुरू केल्यावर किंवा सीट बदलल्यावर तो एक-दोन आठवडे असतो आणि मग खरोखरच कमी होतो. तुमचे सोबती ज्या सवयीविषयी बोलतात ती हीच. दुसरा प्रकार म्हणजे पुढच्या नाजूक भागात येणाऱ्या मुंग्या, सूज आणि बधिरपणा. तिथल्या नसा आणि रक्तवाहिन्या दाबल्या जात असल्याचा तो इशारा असतो. त्याची सवय होत नाही आणि सवय करून घेऊही नये. तुम्ही तीन महिने हे सोसले. आणखी एक दिवसही सोसू नका, आणि सायकलही सोडू नका, कारण हा त्रास दूर करता येतो आणि त्यासाठी तुमचे दीड हजार रुपये पुरेसे आहेत.

खुर्चीवर ताठ बसून दोन्ही तळहात नितंबांखाली ठेवले, तर तळव्यांना दोन टोकदार हाडे लागतात. ती कटीच्या सांगाड्याची सर्वांत खालची टोके होत. त्यांना आपण बैठकीची हाडे म्हणू. शरीराचा भार पेलण्यासाठी निसर्गाने हीच दोन टोके तयार केली आहेत. त्यांच्यावर भार आला तर तासन्‌तास बसता येते. पण सीट अरुंद असेल आणि ही हाडे तिच्या कडांबाहेर उतरत असतील, तर मधल्या मऊ भागाला, म्हणजे जिथे नसा आहेत, मूत्रमार्गाचे तोंड आहे, त्या भागाला सारा भार उचलावा लागतो. बाळंतपणाच्या सोयीसाठी स्त्रीची कटी रुंद असते आणि त्यामुळे तिच्या बैठकीच्या हाडांमधले अंतर सरासरीने पुरुषापेक्षा जास्त असते. तुमच्या मुलाची सीट त्याच्या मापाची आहे. तिच्यावर तुमची हाडे टेकतच नसण्याची शक्यता मोठी आहे.

तेव्हा बायकांची सीट वेगळी असते का, या तुमच्या प्रश्नाचे उत्तर 'असते' असे आहे, पण त्याला एक पुस्ती जोडायला हवी. सरासरी ही सरासरी असते. दोन बायकांच्या हाडांमधल्या अंतरात बोटा-दोन बोटांचा फरक सहज असू शकतो आणि बाहेरून दिसणाऱ्या अंगकाठीवरून त्याचा अंदाज बांधता येत नाही. सडपातळ बाईची हाडे दूर असू शकतात आणि स्थूल बाईची जवळ. त्यामुळे सीटवर 'लेडीज' लिहिलेले आहे, तिला गुलाबी शिलाई आहे, एवढ्यावरून ती तुमच्यासाठी योग्य ठरत नाही. योग्य ठरते ती तुमच्या मापाची सीट, आणि ते माप घरच्या घरी काढता येते.

त्याआधी जेलच्या कव्हराचे पाहू, कारण या एका वस्तूने जितक्या बायकांची फसगत केली आहे, तितकी दुसऱ्या कशाने केली नसेल. मऊ म्हणजे आरामदायक, हा आपला समज गादीच्या आणि सोफ्याच्या अनुभवातून आलेला आहे. सायकलवर मात्र सगळा भार दोन छोट्या टोकांवर असतो. जाड, लिबलिबीत थरावर बसले की ती टोके खाली रुततात, आणि ती रुतली की दोन्हींच्या मधला थर तेवढा वर उचलला जाऊन नेमका नाजूक भागावर दाबतो. कणकेच्या गोळ्यात दोन बोटे खुपसली की मधली कणीक फुगून वर येते, तसेच हे आहे. शिवाय कव्हर जागेवर राहत नाही, सरकत राहते आणि मांडीच्या आतल्या बाजूला घासते. दहा मिनिटांच्या बाजारहाटाला ते चालेल. तासाभराच्या फेरीला नाही. ते आजच काढून ठेवा.

कव्हर काढल्यावर लगेच नवी सीट आणायला निघू नका. तुमच्या पत्रातली दुसरी एक गोष्ट मला सीटइतकीच महत्त्वाची वाटते, ती म्हणजे सायकल मुलाची आहे. तो तुमच्याहून उंच असेल, त्याचे हात लांब असतील आणि सायकल त्याच्या मापाने घेतलेली असेल. अशा सायकलवर हँडल लांब पडते. हँडलपर्यंत पोहोचण्यासाठी बाई नकळत सीटच्या पुढच्या, निमुळत्या टोकाकडे सरकते किंवा कमरेतून वाकते. आणि वाकली की कटी पुढे झुकून भार हाडांवरून नाजूक भागावर येतो. येल विद्यापीठातील वैद्यकीय संशोधकांचा सहभाग असलेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नियमित सायकल चालवणाऱ्या ४८ स्त्रियांची तपासणी केली होती. ज्यांचे हँडल सीटच्या पातळीहून खाली होते, त्यांच्या नाजूक भागावरचा दाब जास्त आणि तिथली संवेदना कमी असल्याचे त्यात आढळले. त्या बायका स्पर्धेच्या तयारीने सायकल चालवणाऱ्या होत्या, तुमच्या-माझ्यासारख्या नव्हत्या. पण शरीराची रचना तीच आहे. म्हणून तुमचे हँडल सीटच्या पातळीला, शक्य असल्यास तिच्याहून बोटभर वर आणा. हँडल धरणारा जो आडवा तुकडा असतो, त्याला स्टेम म्हणतात. बऱ्याच सायकलींत तो खाली झुकलेला असेल, तर उलटा करून बसवला की हँडल थोडे वर येते. तेवढ्याने भागले नाही, तर आखूड आणि वर वळलेला स्टेम काही शे रुपयांत मिळतो आणि कोणताही जाणता मिस्त्री तो अर्ध्या तासात बसवून देतो. ब्रेकच्या आणि गिअरच्या केबल ताणल्या जात नाहीत ना, एवढे त्याला पाहायला सांगा.

आता सीटची उंची. तुम्ही ती खाली घेतली, आणि असे करणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत, असे आपल्याला लहानपणापासून सांगितलेले असते. मीही कित्येक वर्षे तशीच चालवली आणि गुडघे दुखतात म्हणून वयाला दोष देत राहिले. सीट खाली असली की पाय पूर्ण लांब होत नाहीत, पॅडलवर जोर पडत नाही आणि जो भार पायांनी वाटून घ्यायचा तो सगळा बैठकीवर येतो. उंची ठरवण्याची साधी रीत अशी. सायकल भिंतीला टेकवून सीटवर बसा आणि एक पॅडल अगदी खाली न्या. त्यावर टाच ठेवली असता गुडघा जेमतेम सरळ झाला पाहिजे. प्रत्यक्ष चालवताना आपण टाचेऐवजी चवडा ठेवतो, तेव्हा गुडघ्यात आपोआप हवा तेवढा बाक येतो. या उंचीवर बसल्या जागेवरून पाय जमिनीला पुरणार नाहीत. थांबताना सीटवरून पुढे उतरून उभे राहायचे असते. पहिले चार दिवस मोकळ्या मैदानात किंवा गल्लीत याचा सराव करा, रहदारीत नको. उंची वाजवीपेक्षा जास्त झाली, तर प्रत्येक पॅडलला कंबर डावी-उजवीकडे डुलते आणि त्याने कातडी सोलवटते. मागून कुणाला तरी पाहायला सांगितले की हे लगेच कळते. सीटच्या दांड्यावर 'याहून वर काढू नये' अशी एक खूण कोरलेली असते, ती फ्रेमच्या नळीच्या आतच राहिली पाहिजे.

उंचीनंतर कल. सीटवर मागून पुढे, लांबीच्या दिशेने एक सरळ पट्टी किंवा जाड पुठ्ठ्याचे पुस्तक ठेवा आणि त्यावर मोबाइलमधले पातळी दाखवणारे ॲप लावून पाहा. सीट समतल हवी, किंवा तिचे नाक, म्हणजे पुढचे निमुळते टोक, अगदी किंचित, दोन-तीन अंशांपर्यंत, खाली चालेल. नाक वर असेल, तर तुमच्या तक्रारीचे निम्मे कारण तिथेच सापडले असे समजा. मात्र ते फार खाली करू नका. मग तुम्ही पुढे घसरत राहाल आणि स्वतःला मागे ढकलत राहिल्याने मनगटे आणि खांदे धरतील.

शेवटी पुढे-मागे. सीटखाली दोन समांतर सळया असतात आणि त्यांना पकडणारा क्लॅम्प सैल केला की सीट त्यांच्यावरून सरकते. दोन्ही पॅडल, एक पुढे आणि एक मागे, एका पातळीत आणून बसा आणि पुढच्या पायाच्या गुडघ्याच्या वाटीखालून एक दोरी सोडा, खाली नट बांधून. गवंडी ओळंबा सोडतो तसा. तो ओळंबा पॅडलच्या मध्याच्या आसपास पडला पाहिजे. हँडल लांब पडते म्हणून सीट पुढे सरकवण्याचा मोह होतो, पण त्याने गुडघ्यांवर ताण येतो. लांबीचा इलाज स्टेममध्ये आहे. हे सारे करण्यापूर्वी आताची उंची आणि जागा रंगीत टेपने खूण करून ठेवा, आणि एका वेळी एकच बदल करून त्यावर दोन-तीन फेऱ्या मारा. चार गोष्टी एकदम बदलल्या की कशाने बरे वाटले आणि कशाने बिघडले, हे कळायला मार्ग राहत नाही. एक छोटी वही ठेवलीत तर उत्तमच.

पुष्कळ बायकांचा त्रास एवढ्यानेच निम्म्यावर येतो. तुमचा राहिला, आणि सीट मुलाची असल्याने थोडा राहीलच असे मला वाटते, तर माप काढा. खोक्याच्या पन्हाळीदार पुठ्ठ्याचा वहीएवढा तुकडा घ्या, तो जिन्याच्या पायरीवर किंवा लाकडी स्टुलावर ठेवा, अंगात पातळ कपडा असू द्या, आणि त्यावर बसून सायकलवर वाकता तितके पुढे वाका. पाय जमिनीवरून थोडे उचलून धरा म्हणजे भार नीट खाली जाईल. अर्ध्या मिनिटाने उठा. पुठ्ठ्यावर दोन खळगे उमटलेले असतील. बोटाने चाचपून त्यांचे मध्य शोधा, पेनाने टिंब द्या आणि त्यांमधले अंतर मिलिमीटरमध्ये मोजा. दोन-तीनदा करा, कारण पहिल्या वेळी माणूस अवघडून बसतो. समजा अंतर १२० मिलिमीटर आले. हाडे सीटच्या काठावर नव्हे, तर मागच्या सपाट भागावर टेकायची असल्याने त्यात २० ते ३० मिलिमीटर मिळवायचे. म्हणजे तुम्हाला साधारण १४० ते १५० मिलिमीटर रुंदीची सीट लागेल. ताठ बसून चालवण्याची सायकल असेल तर त्याहूनही रुंद, कारण ताठ बसल्यावर हाडांची मागची, एकमेकांपासून दूर असलेली टोके टेकतात. उलट वाकून चालवताना पुढचा, जवळ येत जाणारा भाग टेकतो. याच कारणाने, बाजारात जायच्या दांडीविना लेडीज सायकलवर जी रुंद, स्प्रिंगची सीट असते, ती त्या सायकलवर शोभते आणि सोसते, पण तुमच्या गिअरच्या सायकलवर ती आणून बसवली तर मांड्या घासतील.

दुकानात जाताना सायकलच घेऊन जा. ते शक्य नसेल तर दांड्यासकट सीट काढून न्या. आजच्या बहुतेक सीटच्या सळया ७ मिलिमीटर जाडीच्या असतात आणि बहुतेक क्लॅम्पमध्ये बसतात, पण जुन्या किंवा साध्या दांड्यांचे क्लॅम्प वेगळे असतात आणि दुसरी खेप पडते. मोजपट्टी बरोबर ठेवा आणि सीटची सर्वांत रुंद जागा स्वतः मोजा, कारण वेष्टनावर रुंदी असतेच असे नाही. मग अंगठ्याने मागच्या भागावर जोर देऊन दाबा. अंगठा किंचित रुतून थांबला पाहिजे. तो थेट खालच्या कडक पाट्यापर्यंत पोहोचत असेल तर फोम हलका आहे आणि महिन्याभरात बसेल. हाडे जिथे टेकणार तो मागचा भाग बऱ्यापैकी सपाट हवा, घोड्याच्या पाठीसारखा दोन्ही बाजूंना उतरता नको. नाक आखूड आणि त्याच्या कडा गोलसर हव्यात. मधोमध जाड शिलाई असलेली सीट दिसायला कितीही सुरेख असली, तरी परत ठेवा. वरचे आवरण फार गुळगुळीत असले की घसरायला होते, फार खरबरीत असले की कपडे आणि कातडी दोन्ही झिजतात.

मधल्या खाचेविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण तुमच्या तक्रारीवर दुकानदार तीच दाखवील. काही सीटच्या मध्यभागी पन्हळीसारखी खोलगट जागा असते, काहींना आरपार छिद्र असते. नाजूक भागावरचा दाब कमी करणे हा दोन्हींचा हेतू असतो आणि ही कल्पना काल-परवाची नाही. पाश्चात्त्य देशांत बायका मोठ्या संख्येने सायकली चालवू लागल्या, त्या १८९० च्या दशकातच मधोमध फट ठेवलेल्या सीट विकल्या जात होत्या. पुढे अमेरिकेत जॉर्जिना टेरी या अभियंता स्त्रीने १९८५ मध्ये बायकांच्या मापाच्या सायकली बनवण्याची कंपनी काढली आणि तिच्या नाकाला छिद्र असलेल्या सीटमुळे हा प्रकार पुन्हा सर्वत्र पोहोचला. असे असले, तरी छिद्र सर्वांनाच मानवते असे नाही. छिद्र रुंद असले आणि त्याच्या कडा टणक असल्या, तर दाब नाहीसा न होता त्या कडांवर गोळा होतो आणि काहींना तिथे सूज येते. तुमच्यासाठी माझी पहिली पसंती उथळ, रुंद पन्हळ असलेल्या, मध्यम टणक सीटला राहील. तिने भागले नाही, तरच छिद्राचा विचार करा.

किमतीचे म्हणाल, तर साध्या फोमच्या सीट चार-पाचशे रुपयांपासून मिळतात. त्यांतल्या बऱ्याच सीटचा फोम वर्षभरात बसतो. मी ज्या गुणांचे वर्णन केले ते असलेली, ओळखीच्या सायकल कंपनीची किंवा मोठ्या क्रीडासाहित्याच्या दुकानातली सीट आठशे ते हजार रुपयांच्या आसपास मिळायला हरकत नाही. यजमानांचा पाच-सहा हजारांचा आग्रह प्रेमाचा आहे, पण त्या किमतीत वाढत जाते ते मुख्यतः हलकेपण. सळया पोलादाऐवजी अधिक हलक्या धातूच्या होतात, बूड कार्बनचे होते. शर्यतीत शंभर ग्रॅम वाचवणाऱ्याला त्याचे मोल आहे, हरिपूरला जाणाऱ्याला नाही. कातड्याच्या सीटविषयीही कुणी सांगेल. बर्मिंगहॅमची १८६६ पासून चालत आलेली ब्रुक्स ही त्यातली सर्वांत नावाजलेली कंपनी. तिचे ताणून बसवलेले कातडे काही शे किलोमीटरनंतर बसणाऱ्याच्या हाडांचा आकार घेते आणि ज्यांना ते जमते त्या दुसऱ्या कशावर बसायला तयार नसतात. पण ती तुमच्या खर्चाच्या कितीतरी पलीकडे आहे, आणि कातडे ओले झाले की ते सैल पडते. आपल्याकडचा पावसाळा त्याला सोसत नाही.

उरलेल्या पाच-सहाशे रुपयांची मला फार काळजी आहे, कारण ते सीटवर घालवण्यापेक्षा कपड्यावर घालवावेत असे मी आग्रहाने सांगेन. सायकलसाठी आत पॅड शिवलेली चड्डी मिळते. हे पॅड जेलच्या कव्हरासारखे सरकत नाही, कारण ते अंगालाच चिकटून असते. सलवार किंवा ट्रॅक पँटच्या आत घातली की बाहेरून काही दिसत नाही, तेव्हा संकोचाचे कारण नाही. बायकांसाठीची घ्या, तिच्यातल्या पॅडचा आकार वेगळा असतो. तिच्या आत दुसरे अंतर्वस्त्र घालायचे नसते, ही गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. अंतर्वस्त्राची शिवण आणि इलॅस्टिक हेच घासण्याचे मुख्य कारण असते, आणि ते आत ठेवून वर पॅड चढवले की शिवण आणखी घट्ट दाबली जाते. घरी आल्यावर मात्र ती चड्डी अंगावर ठेवून चहा करत बसू नका. लगेच बदला, धुऊन उन्हात वाळवा. ओलसर पॅडमध्ये बुरशी आणि जंतू वाढतात आणि मूत्रमार्गाचा संसर्ग बायकांना लवकर होतो. मांडीच्या सांध्यात घासत असेल तर निघण्यापूर्वी पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या. पाळीच्या दिवसांत सॅनिटरी पॅडच्या कडा टोचतात. मासिक पाळीचा कप वापरण्याची सवय असेल, तर तो सायकलवर अधिक सोयीचा पडतो.

तुमचे वय ४६ आहे, म्हणून एक गोष्ट मोकळेपणाने लिहिते. पाळी जाण्याच्या आधीच्या काही वर्षांत शरीरातले इस्ट्रोजेन कमी होत जाते आणि त्या भागाची त्वचा पातळ आणि कोरडी होते. जी सीट विसाव्या वर्षी खुपली नसती ती आता खुपते, आणि यात सहनशक्तीचा काही प्रश्न नाही. स्त्रीरोगतज्ज्ञाकडे यावर साधे, सुरक्षित उपाय असतात. सायकल बंद केल्यानंतरही बधिरपणा काही तासांहून अधिक टिकत असेल, एका बाजूला गाठ किंवा सूज राहत असेल, लघवीला जळजळ होत असेल किंवा जखम भरत नसेल, तर सीटचे सारे प्रयोग थांबवून आधी त्यांना भेटा आणि 'सायकल चालवते' हे आवर्जून सांगा. तुम्हाला मधुमेह असेल तर छोट्या जखमेसाठीही थांबू नका. आपल्याकडे बायका गुडघेदुखी, कंबरदुखी चारचौघांत सांगतात; हे दुखणे मात्र नवऱ्यालाही नीट सांगत नाहीत, सायकल 'झेपत नाही' म्हणतात आणि ती पुन्हा भिंतीला लागते. तुम्ही स्पष्ट शब्दांत लिहिलेत, त्याचे मला फार मोल वाटते. हे पत्र वाचून आपल्याला काय होते आहे याला नाव मिळालेल्या बायका पुष्कळ असतील.

नवी सीट बसवल्यावर पहिले चार-पाच दिवस फेरी निम्मी करा. दर दहा मिनिटांनी पॅडलवर उभे राहून वीस-तीस सेकंद बैठक मोकळी सोडा. गतिरोधक आणि खड्डे तर नेहमी उभे राहूनच ओलांडावेत. चाकात हवा किती भरता तेही पाहा. टायरच्या कडेवर कमाल आणि बहुधा किमान दाबही छापलेला असतो. पंपवाले सरसकट दगडासारखी टणक हवा भरतात आणि रस्त्याचा प्रत्येक दणका मग थेट सीटवर येतो. तुमचे वजन बेताचे असेल तर छापलेल्या मर्यादेच्या खालच्या अंगाला राहा. पहिल्या आठवड्यात हाडांखाली दोन ठिकाणी ठणका लागला तर घाबरू नका, ती जागा बरोबर टेकत असल्याची खूण आहे. मुंग्या मात्र एकदाही यायला नकोत. आल्या, तर आधी कल आणि हँडलची उंची पुन्हा तपासा, आणि तरीही राहिल्या तर ती सीट तुमची नाही असे समजून बदलून घ्या. म्हणूनच पैसे देण्यापूर्वी दुकानदाराशी बोलून ठेवा की आठवडाभर वापरून, स्वच्छ स्थितीत परत आणली तर बदलून मिळेल का; जो 'हो' म्हणेल त्याच्याकडून शंभर रुपये जास्त देऊनही घ्यावी.

मुलाची जुनी सीट टाकू नका. सुट्टीत तो घरी आला की त्याला ती लागेल, आणि सीट बदलणे हे एका पान्याचे, पाच मिनिटांचे काम आहे. सीटच्या दांड्यावर त्याच्या उंचीची खूण एका रंगाने आणि तुमच्या उंचीची दुसऱ्या रंगाने करून ठेवा, म्हणजे तो परत गेल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे तुम्हाला पुन्हा सगळे मोजत बसावे लागणार नाही.